चिखलोलीचा कातळ आणि वीस वर्षांची हमी

मंडळी, गेल्या रविवारी सकाळी सकाळी चिखलोलीच्या धरणावर जाऊन आलो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं हे चिखलोली. लोकलच्या दारात उभं राहिलं तर डोळ्यांसमोरून पटकन निघून जातं आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. तिकडे जाण्यामागे निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं. आठवडाभर एका चिपची डेटाशीट वाचत होतो आणि त्यातली एक ओळ डोक्यातून जात नव्हती. म्हटलं, जरा पाय मोकळे करू.

ती ओळ अशी : चिपमध्ये लिहिलेली माहिती वीस वर्षांहून जास्त टिकेल, वीज नसतानासुद्धा. चिप एमरॅमची होती. म्हणजे ज्यात ० आणि १ हे विजेच्या भारात न ठेवता चुंबकाच्या दिशेत ठेवतात ती. (मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि पोटासाठी जावा लिहितो. त्यामुळे कधी डेटाशीट हाती लागली की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.) आता प्रश्न असा की चिप बाजारात येऊन वीस वर्षं व्हायच्या आधीच ही मंडळी वीस वर्षांची हमी कशाच्या जोरावर देतात? कोणी वीस वर्षं बसून बघितलं?

धरणाच्या बाजूला काळा कातळ उघडा पडलेला आहे, आपल्याकडे सगळीकडे असतो तसाच. सहज म्हणून फोनमधलं चुंबकी क्षेत्र दाखवणारं ॲप चालू केलं आणि फोन कातळाच्या अगदी जवळून फिरवला. आकडा चाळीसच्या आसपास होता, तो दोन-तीन मायक्रोटेस्लाने इकडचा तिकडे झाला. फोनच्या सेन्सरची स्वतःचीही थरथर असते, त्यामुळे हा प्रयोग म्हणजे काही पुरावा नव्हे. पण त्या क्षणी ट्यूब पेटली. च्यायला, डेटाशीटवाल्यांना वीस वर्षांचं कौतुक, आणि इथे माझ्या बुटाखाली साडेसहा कोटी वर्षांची मेमरी पडलेली आहे!

घरी येऊन वाचायला बसलो तर या कातळाची आणि त्या चिपची नुसती उपमा नाही, चक्क एकच कुळकथा आहे असं निघालं. शिवाय तिचा एक मोठा भाग आपल्या मुंबईत घडलाय. म्हणून हे पोस्ट. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी दगडाचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. सह्याद्री, मलंगगड, माथेरान, आपल्या घरांची जोती, अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर, सगळा एकाच जातीचा काळा दगड, बेसॉल्ट. त्यात लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. लाव्हा तापलेला असताना या कणांना कसलीच दिशा नसते. थंड होत होत तो एका ठराविक तापमानाखाली आला (शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ते सुमारे ५८० अंश सेल्सिअस आहे, टायटॅनियम जास्त असेल तर बरंच कमी), की कण चुंबक बनतात, आणि त्या वेळी पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र जिकडे असेल तिकडे त्यांचा कल राहतो. अजून थंड झालं की तो कल गोठतो. झालं, नोंद पक्की. पुढे दगड कुठेही वाहून जावो, नोंद त्याच्या पोटात.

या काळ्या दगडाचा चुंबकी त्रास आपल्याकडे फार आधीपासून माहीत होता बरं का. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदींचं वाटोळं होणार हे उघड होतं. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ साली हे काम अलिबागला हललं. तिथली इमारत बांधताना हाताशी असलेला काळा दगड वापरला नाही, मुद्दाम पोरबंदरचा वालुकाश्म आणला. स्वतःच चुंबक असलेल्या भिंतींच्या आत बसून चुंबक कसा मोजणार? कोकणात उभं राहून काळ्या दगडाला नाही म्हणणारी ती इमारत मला फार आवडते.

आता गोष्ट इंग्लंडला जाते. पॅट्रिक ब्लॅकेट हा १९४८ सालचा नोबेल विजेता. त्याला वाटत होतं की कुठलीही जड वस्तू फिरली की चुंबक बनत असावी, आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्यातूनच येत असावं. तपासायला त्याने अतिशय नाजूक चुंबकमापक बनवला आणि पंधरा किलोच्या वर सोन्याचं एक नळकांडं पैदा केलं. सोनंच का, तर जड आणि चुंबकी नाही म्हणून. पृथ्वीबरोबर ते फिरतंच आहे, त्याचं चुंबकत्व दिसतं का बघायचं. नाही दिसलं. १९५२ साली त्याने शांतपणे जाहीर करून टाकलं की माझी कल्पना चुकली. सोनं परत गेलं, पण मापक उरला. एवढ्या नाजूक यंत्राचं करायचं काय? तर दगड मोजायचे.

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्व्हिंग नावाचा विद्यार्थी भारतातून मागवलेले दख्खनचे दगड मोजत होता. त्याचं गणित सोपं होतं. पृथ्वीचं क्षेत्र विषुववृत्तावर आडवं असतं आणि ध्रुवाकडे जाल तसं जमिनीत घुसत जातं. त्या तिरकेपणावरून अक्षांश काढता येतो : तिरकेपणाचा टॅन्जंट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट. चिखलोली आज १९ अंश उत्तरेला. या हिशोबाने इथे दगड आज थिजला तर त्यातलं चुंबकत्व क्षितिजाला साधारण ३५ अंश तिरकं, उत्तरेकडे आणि खाली असायला हवं. सह्याद्रीतल्या बहुतेक थरांत ते साधारण दक्षिणेकडे तोंड करून खाली घुसलेलं निघतं, पंचेचाळीस-पन्नास अंशांनी. दक्षिणेकडे तोंड याचा अर्थ तेव्हा पृथ्वीचे चुंबकी ध्रुव उलटे होते. आणि ध्रुव उलटे असताना क्षेत्र खाली घुसतंय म्हणजे जागा दक्षिण गोलार्धात. आकडा घातला की येतं सुमारे ३० अंश दक्षिण. म्हणजे लाव्हा ओतला गेला तेव्हा आपलं गाव विषुववृत्ताच्या पलीकडे होतं, आणि तिथून सुमारे ५,००० किलोमीटर चालत इथवर आलं.

आज शाळेतली पोरंसुद्धा भारत आशियाला धडकला आणि हिमालय झाला असं घडाघडा सांगतात. पण तेव्हा खंड सरकतात म्हणणाऱ्याकडे लोक जरा वेगळ्याच नजरेने बघत. अर्व्हिंगचा पीएचडीचा प्रबंध केंब्रिजने १९५४ मध्ये नापास केला. हो, नापास! पुढे तोच माणूस या विषयातला एक पाया मानला गेला, पण तेव्हा सरळ ऑस्ट्रेलियाची वाट धरली त्याने.

आणि विरोधकांचा एक आक्षेप खरोखर वजनदार होता. तो असा की बाबा रे, दगडातली आठवण जुनीच आहे कशावरून? सहा कोटी वर्षं उन्हात तापलेला, पावसात भिजलेला, विजा अंगावर घेतलेला दगड. (वीज पडलेल्या कातळाची दिशा खरंच पार बिघडते. डोंगरमाथ्यावर होकायंत्र वेडंवाकडं वागतं ते कधी कधी यामुळे.) मधल्या काळात त्याने जुनं विसरून नवं काहीतरी धरलं नसेल कशावरून? म्हणजे अख्खा खंड सरकला की नाही याचा निकाल शेवटी एका प्रश्नावर येऊन टेकला : बारीक चुंबकी कण किती काळ आणि किती उष्णतेपर्यंत आपली दिशा सांभाळतो? डेटाशीटमधला प्रश्न तरी दुसरा काय आहे?

इथे टाटा मूलभूत संशोधन संस्था येते. ब्लॅकेटच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतातल्या खडकांच्या चुंबकत्वावर निबंध छापला. त्यानंतर १९५८ मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये दख्खनच्या लाव्हावरचा निबंध आला, त्यावर नावं डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे अशी. १९५९ मध्ये याच तिघांचा आणखी एक. टीआयएफआरमधले सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे. पुढे त्यांच्यात एस. डी. लिखिते आले. होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणू आणि विश्वकिरण आठवतात. त्यांच्या संस्थेत बसून सहस्रबुद्धे आणि लिखिते नावाची माणसं आपल्याच डोंगराचे तुकडे तापवून थंड करत होती, हे मला तरी तिशी जवळ येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचं काम समजायला एका सूत्राची ओळख करून घ्यावी लागेल. घाबरू नका, एकच आहे. लुई नेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ते मांडलं, आणि मांडलं कशासाठी, तर भाजलेल्या मातीसाठी! एमिल तेलिए हा त्याचा देशबंधू जुन्या विटा आणि मडक्यांचं चुंबकत्व मोजायचा. वीट भट्टीतून बाहेर येऊन थंड होताना त्या दिवसाचं क्षेत्र पकडते आणि शेकडो वर्षं सोडत नाही, ते का, हा नेलचा प्रश्न होता. त्याचं उत्तर असं. प्रत्येक कणाला दोन आवडत्या दिशा असतात आणि मधे एक टेकडी असते. टेकडीची उंची कणाच्या आकारमानावर आणि पदार्थाच्या हट्टीपणावर ठरते. उष्णता त्या कणाला सतत धक्के देते, सेकंदाला अब्जावधी. टेकडीची उंची भागिले उष्णतेचा धक्का, हा जो भागाकार येतो त्याला चिपवाले डेल्टा म्हणतात. कण दिशा विसरायला लागणारा काळ म्हणजे एक नॅनोसेकंद गुणिले ई चा डेल्टावा घात. बस्स.

आता घातांक आला म्हणजे गंमत आली. मी रविवारी दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो (आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी तरी). एका कणाला सरासरी दहा वर्षं टिकायचं तर डेल्टा ४० लागतो. साडेसहा कोटी वर्षं टिकायचं तर? मला वाटलं काही हजार येईल. येतात फक्त ५६! चाळीस आणि छप्पन, मधे एवढासा फरक, आणि एकीकडे माझ्या लॅपटॉपचं आयुष्य तर दुसरीकडे डायनोसॉर.

पुढे ऐका. चिपमध्ये बिट एक नसतो. समजा शंभर कोटी बिट आहेत आणि दहा वर्षांत त्यातला एखाद-दुसराच बिघडलेला चालेल. मग एकेका बिटाने सरासरी दहा वर्षांच्या शंभर कोटीपट टिकायला हवं. त्यासाठी डेल्टा येतो ६१. एमरॅमच्या लेखांत सगळीकडे साठचा आकडा का दिसतो ते इथे कळलं. म्हणजे वीस वर्षांची हमी देणाऱ्या इंजिनिअरला प्रत्यक्षात चिखलोलीच्या कातळाहून थोडा जास्तच चिवट कण बनवावा लागतो. आणि वीस वर्षं बसून बघायचीही गरज नाही. चिप तापवायची, बिट किती लवकर विसरतात ते बघायचं आणि सूत्रावरून थंडीतला काळ काढायचा.

पण हाच घातांक उलटाही चावतो. छप्पनवाला कण घ्या आणि त्याचा व्यास फक्त नऊ टक्क्यांनी कमी करा. आकारमान पाव हिश्श्याने घटतं, डेल्टा ४२ वर येतो, आणि साडेसहा कोटी वर्षांची आठवण साठ-सत्तर वर्षांवर! दगड काही कारखान्यात बनलेला नाही, त्यात सगळ्या मापाचे कण असतात. जे ५१ च्या खाली आहेत ते गेल्या पावणेआठ लाख वर्षांत आजच्या क्षेत्राकडे वळून बसले आहेत (ध्रुव शेवटचे उलटले तेव्हापासून). म्हणून दगड नुसता मोजून चालत नाही, आधी धुवावा लागतो. धुवायचा म्हणजे चुंबकी क्षेत्र शून्य केलेल्या जागेत टप्प्याटप्प्याने तापवायचा. दीड-दोनशे अंशांवर कच्चे कण आपली उसनी दिशा सोडतात, जुने पक्के तसेच राहतात. जास्त तापवलं तर तेही गेले.

टीआयएफआरच्या मंडळींनी नेमकं या कच्च्या-पक्क्याच्या प्रश्नात आयुष्य घातलं. १९६५ मध्ये लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी स्वतः बनवलेल्या एका यंत्राचं वर्णन रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स या नियतकालिकात छापलं. खडकाच्या तुकड्याचं चुंबकी वळण कसं जातं आणि कसं परततं ते आलटून पालटून बदलणाऱ्या क्षेत्रात काढून दाखवणारं यंत्र. त्या वळणाच्या जाडीवरून कण पक्के, कच्चे की अगदीच विसराळू हे ओळखता येतं. १९७० मध्ये राधाकृष्णमूर्ती आणि लिखिते यांचा बेसॉल्टमधल्या कणांच्या गोठण्याच्या तापमानावरचा निबंध आला. मुद्दा असा की चुंबकत्व संपण्याचं तापमान वेगळं आणि आठवण गोठण्याचं तापमान वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका. हे वाक्य आजच्या एमरॅमवरच्या कुठल्याही लेखात जसंच्या तसं चिकटवलं तर कोणाच्या लक्षात येणार नाही. मी राधाकृष्णमूर्तींचं नाव शोधत गेलो तर १९९३ मधलं त्यांचं चुंबकत्व आणि बेसॉल्टवरचं अख्खं पुस्तक निघालं. पस्तीस वर्षं एकच दगड! आमच्याकडे दोन वर्षांत प्रोजेक्ट बदलला नाही तर लोक रिझ्युमे अपडेट करायला घेतात.

आणि गंमत बघा, त्याच संस्थेत त्याच वर्षांत दुसरी चुंबकी मेमरी बांधली जात होती. आर. नरसिंहन यांच्या गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक उभा केला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफरॅक ठेवलं. त्याची मेमरी होती फेराइटच्या बारीक कड्यांची, प्रत्येक बिटाला एक कडी, तारांत ओवलेली. चाळीस बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० कड्या. फेराइट म्हणजे पुन्हा लोहाचं ऑक्साइडच, दगडातल्या मॅग्नेटाइटचं चुलत भावंड. एका छपराखाली एक गट निसर्गाने लिहिलेलं वाचतोय, दुसरा स्वतः लिहू बघतोय. कड्यांच्या मेमरीला तापमान चढलेलं खपायचं नाही, किती करंट दिला की कडी उलटते ते तापमानाबरोबर बदलायचं. वातानुकूलन माणसांसाठी कमी आणि यंत्रासाठी जास्त, ही प्रथा तेव्हापासूनची.

मग कड्या गेल्या, सिलिकॉनच्या मेमरी आल्या, आणि चुंबक हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसला. तो परत चिपमध्ये आला पातळ थरांच्या रूपाने. मधला इतिहास भरभर सांगतो, कारण तो सगळीकडे मिळतो. १९८८ मध्ये फेर आणि ग्रुनबर्ग यांना चुंबकी थरांच्या चवडीत रोध प्रचंड बदलताना दिसला (२००७ चं नोबेल). १९९५ मध्ये जपानचे मियाझाकी आणि एमआयटीतले जगदीश मूडेरा यांच्या गटांनी दोन चुंबकी थरांच्या मधे विद्युतरोधक पापुद्रा ठेवून तोच खेळ खोलीच्या तापमानाला नीट करून दाखवला. २००४ मध्ये त्या पापुद्र्याच्या जागी मॅग्नेशियम ऑक्साइड आलं आणि फरक कैक पटींनी वाढला. २००६ मध्ये फ्रीस्केलने चार मेगाबिटची पहिली एमरॅम चिप विकायला काढली.

आज बिट म्हणजे काय, तर कोबाल्ट, लोह आणि बोरॉनचा एक-दीड नॅनोमीटर जाडीचा थर, वर मॅग्नेशियम ऑक्साइड, त्यावर तसाच दुसरा थर. दोन्ही चुंबक एकाच दिशेला असतील तर करंट सहज जातो, उलटे असतील तर अडखळतो. ० आणि १. २०१० मध्ये तोहोकू विद्यापीठातल्या इकेदा, ओहनो वगैरे मंडळींनी यात चुंबक थराला उभा ठेवून ४० नॅनोमीटर व्यासाचा बिट करून दाखवला. डेल्टा होता चाळीसच्या आसपास, म्हणजे आपला दहा वर्षांवाला.

आता उष्णतेचा छळ इथेही आहे, आणि दोन प्रकारचा आहे. पहिला जन्माच्या वेळचा. थर बसवतात तेव्हा तो काचेसारखा बेशिस्त असतो. त्याला तीनशे-साडेतीनशे अंशांवर भाजावं लागतं. मग बोरॉन बाजूच्या धातूत निघून जातो आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या शिस्तीने स्फटिक जमतात. थोडक्यात, वीटभट्टीच. पण पुढे चिपच्या तारा वगैरे घालताना भट्टी ४०० अंशांवर जाते, आणि तिथे सुरुवातीला वापरलेला टँटलमचा थर दगा देतो, धातू एकमेकांत मुरतात, चुंबकाचा उभेपणा जातो. टँटलमच्या जागी टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम घातलं तर निभावतं. दुसरा छळ चिप बोर्डावर चिकटवताना. भट्टी २६० अंश, वेळ दीड मिनिट धरा. नेहमीच्या तापमानाला साठ असलेला डेल्टा तिथे, बाकी काही न बिघडता, ३४ वर येतो, आणि शंभर कोटी बिटांतले लाखाहून जास्त बिट त्या दीड मिनिटात पालटतात! (प्रत्यक्षात उष्णतेने पदार्थाचा हट्टीपणाही कमी होतो, म्हणजे अजून वाईट.) टीआयएफआरवाले दगडाला जे मुद्दाम करत होते तेच इथे नको असताना होतं.

मग डेल्टा शंभर का नाही करत? मलाही आधी हेच वाटलं. तर लिहायचं कसं? टेकडी जेवढी उंच तेवढी ओलांडायला महाग. आणि इथे तो दुसरा शब्द येतो, डॅम्पिंग (बारावीच्या पुस्तकातलं अवमंदन). भोवरा कलला की पडत नाही, गोल गोल डुलतो आणि हळूहळू स्थिरावतो. चुंबकही तसाच डुलतो, सेकंदाला अब्जावधी वेळा. तो किती लवकर शांत होतो हे सांगणारा आकडा म्हणजे अल्फा. जुन्या वीजमीटरची ॲल्युमिनियमची चकती चुंबकाने रोखलेली असते, ते रोखणं प्रवाहाच्या भोवऱ्यांचं. पातळ थरातलं डॅम्पिंग मुख्यतः त्याहून वेगळं, आतल्या इलेक्ट्रॉनांनी आणि शेजारच्या थरांनी शोषून घेतलेलं. लांडाऊ आणि लिफशिट्झ यांनी १९३५ मध्ये याचं समीकरण दिलं. थॉमस गिल्बर्टने १९५५ मध्ये ते सुधारलं, पण छापलं काय तर परिषदेतल्या व्याख्यानाचा नुसता सारांश. जगभर लोक तोच सारांश उद्धृत करत राहिले, आणि सविस्तर लेख आला २००४ मध्ये. एकोणपन्नास वर्षांनी! डॉक्युमेंटेशन नंतर करू म्हणणाऱ्या आमच्या तमाम बांधवांना हे उदाहरण सप्रेम भेट.

१९९६ मध्ये स्लोन्चेव्स्की आणि बर्जर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की बाहेरून क्षेत्र न लावता नुसता करंट पाठवूनही चुंबक उलटवता येतो. इलेक्ट्रॉन आपली फिरकी चुंबकाला देतात आणि त्याचं डुलणं वाढवत नेतात. डॅम्पिंग ते शांत करायला बघतं. दोघांची रस्सीखेच, आणि करंट जिंकला की चुंबक पालटतो. म्हणून लिहायला लागणारा करंट अल्फा आणि डेल्टाच्या गुणाकारावर ठरतो. डेल्टा कमी करता येत नाही, टिकाऊपणा जातो. उरला अल्फा. जाड थरात तो ०.००५ च्या आसपास मिळतो. थर एक-दोन नॅनोमीटरचा केला आणि शेजारी जड धातू आला की ०.०१ आणि वर चढतो. आणि भट्टीत धातू एकमेकांत मुरले तर दोन्ही बाजूंनी मार, अल्फा वर आणि डेल्टा खाली. या क्षेत्रातल्या लोकांची रात्रीची झोप याच गुणाकारात गेलेली असते.

दगडात अल्फाला फारसा भाव नाही. ब्राउनने १९६३ मध्ये दाखवलं की डॅम्पिंगमुळे सूत्रातला तो बाहेरचा एक नॅनोसेकंद थोडा इकडेतिकडे होतो. घातांकापुढे त्याची काय किंमत! निसर्गाला लिहिण्याची घाई नव्हती. लाव्हा थंड व्हायला महिने, वर्षं लागू देत. घाई आपल्याला आहे.

अल्फा मोजणार कसा, तोही चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या बिटात? इथे पुन्हा एक मराठी नाव. २००५ मध्ये नेचरमध्ये निबंध आला, पहिलं नाव अश्विन तुळपुरकर, काम जपानमधल्या त्सुकुबाचं, सुझुकी, युआसा वगैरेंबरोबर. बिटामध्ये रेडिओलहरींचा उलटसुलट करंट सोडला, तर एका विशिष्ट वारंवारतेला चुंबक त्याच्या तालावर डुलतो, त्याबरोबर रोधही डुलतो, आणि दोन्हींच्या गुणाकारातून सरळ, एकाच दिशेचा व्होल्टेज बाहेर पडतो. म्हणजे डायोड झाला, अर्धवाहकाचा एक कणही न वापरता! त्या व्होल्टेजचं शिखर किती रुंद आहे यावरून डॅम्पिंग काढता येतं. शिखर बारीक तर अल्फा कमी. तुळपुरकर पुढे आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. कुलाब्याहून पवईपर्यंत ही कथा आली, मधे जेमतेम तीस किलोमीटर आणि पन्नास वर्षं.

एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी निघताना कातळाचा एक सुटा तुकडा खिशात टाकला होता, टेबलावर ठेवू म्हणून. रात्री वाचताना कळलं की त्याचा काही उपयोग नाही. दगड जागेवरून काढायच्या आधी त्यावर उत्तर कुठली आणि आडवी पातळी कुठली याच्या खुणा कराव्या लागतात, तेही सूर्याकडे बघून, कारण कातळाजवळच्या होकायंत्रावर भरवसा नाही. सहस्रबुद्धे मंडळींनी असे खुणा केलेले दगड डोंगरांतून गोळा करून आणले होते. माझ्या तुकड्यात डेल्टा छप्पनचे कण आहेत, सगळं शाबूत आहे, फक्त दिशा मी खिशात घालताना घालवली. आता तो मॉनिटरखाली पेपरवेट आहे. पुढच्या रविवारी खडू, पाणसळ आणि उन्हासाठी एक काठी घेऊन जाणार आहे. कोणी येणार असेल तर सकाळी सातला अंबरनाथ स्टेशनवर भेटा.